दहा बाय दहाच्या खोलीतलं थिएटर

१९ जानेवारी २०२४ रोजी सोलापूरलगतच्या कुंभारीत रे नगरमधली १५ हजार घरं पंतप्रधानांच्या हस्ते कामगारांच्या ताब्यात देण्यात आली. विडी वळणाऱ्या बाया, यंत्रमागावरचे कामगार, कचरा वेचणारे, विक्रेते, वाहनचालक असे या घरांचे मालक. त्याआधी २००६ मध्ये याच कुंभारीत विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. दोन्हींमागे कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखालची वर्षानुवर्षांची लढाई आहे. रे नगर ज्या प्रधानमंत्री आवास योजनेत उभं राहिलं, तिच्यात दुर्बल घटकांसाठीच्या घराचं चटईक्षेत्र जास्तीत जास्त ३० चौरस मीटर, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आतबाहेर धरलेलं होतं. एवढ्या जागेत स्वयंपाक, झोप, मुलांचा अभ्यास आणि पाहुणे हे सगळं बसवायचं असतं. त्याच जागेत भिंतीवर टीव्हीही असतो, आणि दिवाळीचा बोनस किंवा भिशीची रक्कम हातात आली की 'होम थिएटर घ्यायचं का?' हा प्रश्न निघतोच. अक्कलकोट रस्त्यावरच्या नव्या फ्लॅटांमध्ये हॉल जरा मोठा असेल, पण तोही दहा बाय बाराच्या फार पुढे जात नाही. म्हणून वीस ते चाळीस हजारांच्या बजेटचा हा प्रश्न मी अशा खोलीपुरताच घेतो आहे. पुष्कळ मराठी घरांची बैठकीची खोली एवढीच असते, आणि होम थिएटरच्या जाहिरातीत दिसणारा ऐसपैस दिवाणखाना त्यांच्याकडे नसतो.

मुळात वेगळा स्पीकर लागतो कशाला? टीव्ही जसजसा पातळ होत गेला, तसतशी त्यातल्या स्पीकरची जागा गेली. आज बहुतेक टीव्हींचे स्पीकर तळाशी किंवा पाठीमागे असतात आणि त्यांचं तोंड जमिनीकडे नाहीतर भिंतीकडे असतं. माणसाच्या बोलण्यातले स्वर साधारण एक हजार हर्ट्झच्या खाली जोरकस असतात आणि ते भिंतीवर आपटून आले तरी कळतात. शब्द ओळखू येतो तो मात्र व्यंजनांवरून. स, श, त, ट, क, फ यांची ओळख पटवणारा भाग दोन हजार ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, त्यात ताकद थोडी असते आणि तो सरळ रेषेत जातो. स्पीकरचं तोंड फिरलेलं असेल तर आधी हाच भाग हरवतो. त्यात सोलापूरचा उन्हाळा. वर्षातले कितीतरी महिने पंखा बंद करण्याची सोय नाही. वेगात फिरणाऱ्या पंख्याचा आवाज पन्नास डेसिबलच्या आसपास जातो, कूलर त्याहून मोठा, आणि समोरासमोरचं साधं बोलणं साठच्या जवळपास असतं. म्हणजे पात्रं हळू बोलायला लागली की त्यांचे शब्द पंख्याखाली बुडतात. मग रिमोटवर आवाज वाढवला जातो, पुढच्याच मिनिटाला मारामारी किंवा जाहिरात लागते, सगळे दचकतात आणि आवाज पुन्हा खाली येतो. घराघरातली तक्रार ही आहे: आवाज कमी पडतो असं नाही, बोललेलं कळत नाही. सोलापुरात तर एकाच घरात मराठी, तेलुगू आणि कन्नड तिन्ही भाषांतले सिनेमे पाहिले जातात. जी भाषा अर्धीच कळते तिच्यात एखादं अक्षर निसटलं तर अख्खं वाक्य जातं.

त्यामुळे माझं म्हणणं असं आहे, की छोट्या खोलीत मध्यम बजेटचा पैसा थोड्या डब्यांवर घालावा आणि त्यांची निवड संवाद किती स्वच्छ ऐकू येतात यावरून करावी. समोर दोन चांगले स्पीकर, आणि खोली थोडी मऊ करणं, एवढ्यात बहुतेक काम होतं. पाच स्पीकर आणि एक वूफर असलेला संच याच्या उलट वाटेने जातो. हिशोब मांडून बघा. तीस हजारांत पाच स्पीकर, एक सबवूफर आणि त्यांना चालवणारा ॲम्प्लिफायर अशा सात वस्तू घेतल्या, तर एकेकीच्या वाट्याला सरासरी चार-सव्वाचार हजार येतात. त्यातच कारखान्याचा खर्च, वाहतूक, दुकानदाराचा नफा, कर आणि चकचकीत खोका हे सगळं बसतं. स्पीकरच्या कोनावर (म्हणजे हलणाऱ्या शंकूवर), चुंबकावर आणि पेटीच्या लाकडावर काय उरत असेल याचा अंदाज करता येतो. तेच तीस हजार दोन स्पीकर आणि एका ॲम्प्लिफायरमध्ये विभागले, तर प्रत्येकाला दहा हजार मिळतात. सव्वादोनपट पैशाने स्पीकर सव्वादोनपट चांगला होतो असं नाही, पण याच किमतींच्या टप्प्यात पोकळ प्लास्टिकचा डबा आणि जाड एमडीएफची नीट बांधलेली पेटी हा फरक पडतो, आणि तो फरक कुणाच्याही कानाला कळतो.

आता खोलीकडे वळू, कारण दुकानात तिच्याविषयी कुणी बोलत नाही आणि ऐकू येणाऱ्या आवाजात तिचा वाटा फार मोठा असतो. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फॉग कला संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह निरुपयोगी ठरलं. वक्त्याचा एक शब्द विरायच्या आत पुढचे अनेक शब्द त्यावर येऊन पडायचे. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आलं. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या तो रात्री उचलून आणायचा, व्याख्यानगृहात मांडायचा, ऑर्गनच्या नळीतून सूर काढून तो विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत ठेवायचा. त्यातून त्याला सूत्र सापडलं. खोलीचं आकारमान जितकं जास्त तितका आवाज जास्त वेळ घुमतो, आणि आवाज शोषणारं सामान जितकं जास्त तितका लवकर मरतो. बॉस्टनचं १९०० मध्ये उघडलेलं सिम्फनी हॉल याच सूत्राच्या आधाराने बांधलं गेलं.

ते सूत्र कुंभारीतल्या खोलीला लावता येतं. दहा बाय दहा फूट, उंची नऊ फूट, म्हणजे साधारण साडेपंचवीस घनमीटर हवा. भिंती, छत आणि फरशी मिळून सुमारे ५२ चौरस मीटर पृष्ठभाग. गिलावा आणि टाइल आवाजाचा जेमतेम तीन टक्के भाग शोषतात, बाकीचा परत फेकतात. अशा रिकाम्या खोलीत आवाज विरायला अडीच सेकंदांहून अधिक वेळ लागतो. नव्या घराची चावी मिळाल्यावर पहिल्यांदा आत गेलं की बोलणं घुमतं, ते यामुळे. आता तिथे चार माणसं बसवा, दिवाणावर एक जाड गादी टाका, खिडकीला आणि दाराला चुण्यांचे जाड पडदे लावा. हिशोबाने घुमण्याचा वेळ पाऊण सेकंदाच्याही खाली येतो. संवाद नीट कळण्यासाठी घरातल्या खोलीत तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास असावा असं मानतात. उरलेली वाट पुस्तकांचं किंवा कपड्यांचं उघडं कपाट, जमिनीवरची सतरंजी आणि मागच्या भिंतीवरचं एखादं जाड कापड पार करून देतं. पाच हजारांच्या जागी पंधरा हजारांचा स्पीकर आणून घुमणाऱ्या खोलीत जेवढी सुधारणा होत नाही, तेवढी गादी आणि पडद्यांनी होते. आणि त्या वस्तू बहुतेक घरात आधीच असतात.

भिंतीवरच्या कापडाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सोलापूर हे चादरींचं गाव आहे. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्ही वस्तू इथे हाताशी आहेत. पण एकच चादर ताणून भिंतीला चिकटवली तर तिचा उपयोग अगदी थोडा होतो. भिंतीला टेकलेल्या जागी हवेचे कण हलतच नाहीत, म्हणून कापडाच्या धाग्यांना शोषण्यासारखं काही मिळत नाही. कण सगळ्यात जास्त हलतात ते भिंतीपासून लाटेच्या पाव लांबीवर. म्हणून चादर दुप्पट रुंदीची घेऊन चुण्या पाडून टांगावी आणि भिंतीपासून चार बोटं तरी पुढे ठेवावी. तेवढ्या अंतराने बाराशे हर्ट्झच्या आसपास चांगलं शोषण मिळतं, आणि वीतभर अंतर ठेवता आलं तर सव्वाचारशेपर्यंत खाली उतरता येतं. बसण्याच्या जागेच्या मागची भिंत यासाठी पहिली निवडावी, कारण तिच्यावरून परतणारा आवाज सर्वांत कमी वेळात कानावर येतो. जाडजूड वाकळ किंवा गोधडी असेल तर ती चादरीपेक्षा सरस. अंड्यांचे ट्रे लावायची एक पद्धत दिसते. त्यांच्या पुठ्ठ्याची जाडी फार कमी असल्याने शोषण नगण्य होतं आणि आग लागायचा धोका मात्र खरा असतो. ते लावू नयेत.

कापडाने जे साधत नाही ते म्हणजे बास, खालचे धमधमणारे सूर. साठ हर्ट्झच्या लाटेची पाव लांबी जवळपास दीड मीटर भरते, आणि तेवढं जाड काही आपण खोलीत लावणार नाही. दहा फुटांच्या अंतरात ५६ हर्ट्झची लाट अर्धी बसते, म्हणून त्या सुरावर खोली स्वतःच झंकारते. लांबी-रुंदी दोन्ही दहा फूट असल्याने दोन्ही दिशांचा झंकार एकाच सुरावर येऊन पडतो, आणि नऊ फुटी छताचा ६३ हर्ट्झवर, म्हणजे शेजारीच. त्यामुळे चौकोनी लहान खोलीत मोठा सबवूफर ठेवला की प्रत्येक ढोल, प्रत्येक स्फोट आणि प्रत्येक मोटारसायकल एकाच 'धूम' आवाजाची होते, आणि ती धूम उशिरापर्यंत रेंगाळते. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींनी आपल्या कानांना अशी सवय लावली आहे की छातीत धडधडलं म्हणजे आवाज चांगला. उघड्या रस्त्यावर ती धडधड निघून जाते, बंद खोलीत ती जाऊ शकत नाही.

इथे कुणी म्हणेल, बास नसेल तर सिनेमा पिचका लागतो. हे बरोबर आहे, आणि त्याला आधारही आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हर्मन कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून ऐकणाऱ्यांची पसंती वर्षानुवर्षं तपासली. त्यातून निघालेल्या गणितात पसंतीचा सुमारे तीस टक्के भाग बास किती खाली आणि किती नीट पोहोचतो यावर अवलंबून असल्याचं दिसलं. उरलेला मोठा भाग मधल्या आणि वरच्या सुरांच्या सपाटपणाचा, म्हणजे स्पीकर कुठलाही सूर फुगवून किंवा दाबून तर सांगत नाही ना, याचा. मला यातून क्रम कळतो: आधी दोन चांगले स्पीकर, मग गरज वाटली तर छोटा सबवूफर. चार-साडेचार इंची कोनाचे बरे स्पीकर साठ-सत्तर हर्ट्झपर्यंत उतरतात, आणि लहान खोलीच्या भिंती त्याला आणखी टेकू देतात. शिवाय १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं की आवाज लहान असताना आपल्या कानाला खालचे सूर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. त्यामुळे रात्री हळू आवाजात ऐकताना बासचं बटण एक-दोन घर वाढवणं चुकीचं नाही. पुढे सबवूफर घेतलाच, तर तो आठ इंची पुरे, आणि कोपऱ्यात न कोंबता त्याची जागा शोधावी. त्यासाठी सोपी रीत आहे. सबवूफर तात्पुरता आपल्या बसण्याच्या जागी ठेवायचा, बासचं एखादं गाणं लावायचं, आणि आपण भिंतीकडेने ओणवं फिरून ऐकायचं. जिथे बास सगळ्यात सारखा आणि आटोपशीर वाटेल, तिथे तो कायमचा ठेवायचा.

सर्वांत मोठा आक्षेप अर्थातच सराउंडचा, म्हणजे बाजूने आणि मागून येणाऱ्या आवाजाचा आहे. सिनेमा पाच-एक (५.१) आवाजात बनतो, मग तो दोन स्पीकरवर ऐकणं म्हणजे अर्धाच बघणं नाही का? १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून डॉल्बी डिजिटल थिएटरात आलं, २०१२ मध्ये 'ब्रेव्ह'पासून डॉल्बी ॲटमॉस आलं, आणि आज मराठी चित्रपटांचं ध्वनिमिश्रणही त्याच पद्धतीने होतं. पण ते मिश्रण मोठ्या प्रेक्षागृहासाठी केलेलं असतं. सोलापूरच्या भागवत टॉकीजमध्ये बाजूच्या भिंतीवरचा स्पीकर बहुतेक प्रेक्षकांपासून काही मीटर लांब असतो, आणि तसे अनेक स्पीकर मिळून आवाजाचं आवरण करतात. घरासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस अशी आहे की पुढचे दोन स्पीकर मध्यापासून तीस-तीस अंशांवर, सराउंड शंभर ते एकशेवीस अंशांवर, आणि सगळे ऐकणाऱ्यापासून सारख्याच अंतरावर असावेत. आपल्या खोलीत दिवाण मागच्या भिंतीला टेकलेला असतो, आणि तो पुढे ओढला तर चालायला जागा राहत नाही. एकशेवीस अंशांचा स्पीकर भिंतीच्या आतच ठेवावा लागेल. म्हणून तो दिवाणाच्या टोकाला खिळ्यावर लटकतो. मग एका टोकाला बसलेल्याच्या कानापासून तो फूटभर असतो आणि दुसऱ्या टोकाच्याला ऐकूच येत नाही. सगळ्या घराचा मिळून एक सराउंड होतच नाही. शिवाय आपण दिवसभर टीव्हीवर जे पाहतो, मालिका, बातम्या, कीर्तन, क्रिकेट, त्यातलं बहुतेक डावी आणि उजवी अशा दोनच ध्वनिवाहिन्यांचं असतं. पाच-एकचा सिनेमा दोन स्पीकरवर लावला तरी संवाद जात नाहीत. मधल्या वाहिनीवरचे संवाद जरा कमी करून दोन्ही बाजूंना सारखे वाटले जातात, सराउंडही पुढे मिसळतात. खास बाससाठी असलेली सहावी वाहिनी बहुधा गळते, ही उणीव मात्र मान्य केली पाहिजे.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. दोन स्पीकर बरोबर मध्ये बसणाऱ्यासाठी असतात. घरात कुणी दिवाणावर, कुणी खाली सतरंजीवर, कुणी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं. ज्याला जो स्पीकर जवळ, त्याला पात्राचं बोलणं त्याच बाजूने येतं. ॲलन ब्लमलाइन या इंग्लिश अभियंत्याने १९३१ मध्ये स्टिरिओचं पेटंट मागितलं, त्याच्या मुळाशीही सिनेमागृहातली हीच खटकणारी गोष्ट होती: माणूस पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडून. यावर दोन उपाय आहेत. पहिला असा, की स्पीकर भिंतीच्या दोन टोकांना न ठेवता टीव्हीच्या दोन्ही कडांना, चार-पाच फुटांच्या अंतराने ठेवावेत आणि आतल्या बाजूला इतके वळवावेत की त्यांच्या रेषा आपल्या पुढ्यातच एकमेकींना छेदतील. मग कडेला बसलेल्याकडे लांबच्या स्पीकरचं तोंड येतं, जवळच्याचं बाजूला जातं, आणि तोल बराचसा सावरतो. दुसरा उपाय, ज्या घरात टेबल किंवा भिंतीवर दोन पेट्यांची जागाच नाही, तिथे खरी मधली वाहिनी असलेला साउंडबार. खोक्यावर ३.१ लिहिलेलं असावं. तो २.१ असेल तर मधला आवाज पुन्हा दोन कडांमधूनच तयार होतो, आणि कडा जेमतेम तीन फुटांवर असतात. साउंडबारला माझा विरोध नाही. एकाच तारेत काम होतं, लहान मुलांच्या हाताला लागत नाही, आणि फक्त बोलणं कळलं म्हणजे पुरे अशा घरासाठी तो नीट पर्याय आहे. गाणी ऐकण्याची आवड असेल तर मात्र सारख्या किमतीचे दोन वेगळे स्पीकर पुढे जातात. छताकडे आवाज उडवून ॲटमॉस देणाऱ्या साउंडबारचा जास्तीचा पैसा या बजेटात घालू नये. तो पैसा दुसरीकडे जास्त काम करतो.

वॅटच्या आकड्यांनी लोकांची सर्वांत जास्त फसवणूक होते, आणि ती कमी पैसे असलेल्या गिऱ्हाइकाची होते याचा मला राग येतो. खोक्यावर पाच हजार वॅट पीएमपीओ असं लिहिलेलं असतं. पीएमपीओला ठरलेली अशी कुठलीच मोजणी नाही, कंपनी हवा तो आकडा छापू शकते. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या वॅटचा आकडा, आणि त्याहून खात्रीचं म्हणजे मागची पट्टी. तिथे यंत्र किती वीज खातं ते लिहिलेलं असतं. बारा व्होल्ट, दोन अँपिअरचा अडॅप्टर असेल तर आत चोवीस वॅट जातात. तिथून शंभर वॅट सतत बाहेर येणं शक्य नाही. आणि लागतात तरी किती? एका वॅटला एका मीटरवर ८६ डेसिबल देणारे दोन साधे स्पीकर अडीच मीटरवर बसलेल्याला ऐंशीच्या वर आवाज पोहोचवतात. हे बोलण्याच्या पातळीपेक्षा कितीतरी मोठं आहे. वॅट दुप्पट केल्यावर फक्त तीन डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला दसपट वॅट लागतात. तीस खऱ्या वॅटमध्ये आपली खोली भरून वाहते. तारांचंही असंच. शेकडो रुपये फुटाच्या तारा दाखवल्या जातात. पाच मीटरपर्यंत वायरमनकडची तांब्याची दीड स्क्वेअरची वायर पुरते, तिचा येण्या-जाण्याचा अडथळा ओहमच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो आणि स्पीकरचा सहा ते आठ ओहम. वाचलेल्या पैशातून आधी घरचं अर्थिंग तपासून घ्यावं. स्पीकरमधून सतत येणारी गुणगुण पुष्कळदा तिथूनही सुरू होते.

जोडणीतही काही गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात, नाहीतर घरी आणल्यावर डोकं फिरतं. टीव्हीच्या एचडीएमआयच्या एखाद्या खाचेवर एआरसी असं लिहिलेलं असतं. ही सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आली. स्पीकरलाही एआरसी असेल तर एकाच तारेने आवाज येतो आणि टीव्हीच्याच रिमोटने तो कमी-जास्त होतो. घरातल्या वयस्क माणसांसाठी ही सोय फार मोलाची आहे, त्यांना दोन रिमोट सांभाळायला लावू नयेत. एआरसी नसेल तर ऑप्टिकल तार चालते. मात्र तेव्हा टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाचा प्रकार पीसीएम करावा लागतो. तो डॉल्बीवर राहिला तर साध्या स्पीकरमधून काहीच ऐकू येत नाही, आणि माल खराब निघाला असं समजून लोक तो परत करायला धावतात. ब्लूटूथ गाण्यांना ठीक आहे, सिनेमाला नाही. त्यात आवाज मागे पडतो, ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतो.

बजेट या सगळ्यातून असं बसतं. वीस हजारांच्या आत ॲम्प्लिफायर पोटात असलेले दोन स्पीकर घ्यावेत, चार-पाच इंची कोनाच्या बऱ्या जोड्या नऊ-दहा हजारांपासून मिळतात, आणि उरलेल्या पैशात जाड पडदे आणि दोन भक्कम फळ्या किंवा स्टँड. तीस हजारांपर्यंत जाता येत असेल तर त्याच प्रकारची वरच्या दर्जाची जोडी, एआरसीसह. चाळीस हजार असतील तर विचार बदलतो. तेव्हा यामाहा, डेनॉनसारख्यांचा पाच-एकचा साधा रिसीव्हर (पाच-एक चालवणारा ॲम्प्लिफायर) आणि दोन वेगळे स्पीकर असं सुरू करता येतं. किंमत थोडी वर जाईल, पण पुढच्या वर्षी त्या स्पीकरांच्याच कंपनीचा मधला स्पीकर जोडायची वाट उघडी राहते. मधला आधी, सबवूफर नंतर, आणि सराउंड तेव्हा, जेव्हा घर मोठं होईल. 'एकदाच काय तो पूर्ण संच घेऊन टाकू' असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हे आहे की पूर्ण संचात जो भाग सर्वांत आधी कमी पडतो, तो समोरचा आहे, आणि तो बदलायचा म्हटलं की अख्खा संच बदलावा लागतो. त्याचे प्लग आणि तारा दुसऱ्या कशाला बसत नाहीत.

खरेदीला जाताना ओळखीचा सिनेमा फोनमध्ये घेऊन जावा. सोलापूरकरांसाठी 'सैराट'पेक्षा चांगली परीक्षा मला सुचत नाही. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंचा २०१६ चा हा चित्रपट आहे, बोली आपल्याच जिल्ह्याची आहे, आणि अजय-अतुल यांच्या संगीतातला वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला आहे. म्हणजे एकाच ठिकाणी विहिरीवरची ओरड, उसातलं हळू बोलणं आणि वाद्यवृंदाचा गजर यांची पारख होते. आधी संवाद लावा, आवाज खाली आणा, जवळपास बोलण्याइतका, आणि शब्द कळतात का बघा. 'स' आणि 'श' कानाला टोचतात का, पुरुषी आवाज मडक्यातून आल्यासारखा होतो का, तेही ऐका. उठून बाजूला जा, तिथेही आवाजाचा रंग तोच राहतो का? दोन जोड्या ताडून पाहताना दोन्हींचा आवाज सारखाच ठेवायला सांगा, कारण एखादा डेसिबल मोठा वाजणारा स्पीकरही माणसाला चांगलाच वाटतो. जमलं तर डोळे मिटून ऐका. १९९४ मध्ये हर्मनच्या प्रयोगशाळेत ऐकणाऱ्यांना एकदा पडद्याआडून आणि एकदा दिसत असताना तेच स्पीकर ऐकवले, तेव्हा दिसण्याने गुण बदलले. शेवटी, दुरुस्ती सोलापुरातच होते की माल पुण्याला पाठवावा लागतो, हे बिल फाडण्याआधी विचारा.

शेजाऱ्यांचा विचार मी मुद्दाम राखून ठेवला आहे, कारण रे नगरसारख्या वसाहतीत दोन घरांच्या मधे एकच भिंत असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर याहून पाच डेसिबलपेक्षा जास्त चढू नये असं सांगितलेलं आहे. भिंत वरचे सूर बऱ्यापैकी अडवते, खालचे अडवत नाही. म्हणून शेजारच्या घरात सिनेमातलं बोलणं जात नाही, फक्त धमधम जाते, आणि पहाटे उठून विड्या वळायला बसणाऱ्या बाईची झोप तीच मोडते. सबवूफर घेतलाच तर त्याच्या पायांखाली जाड रबर किंवा फोमचा तुकडा घालावा, त्याने फरशीतून जाणारी कंपनं कमी होतात, हवेतून जाणारी मात्र होत नाहीत. रात्री दहानंतर तो बंद ठेवावा. बहुतेक टीव्हींत आणि साउंडबारमध्ये नाईट मोड नावाची सोय असते. ती मोठे आवाज दाबते आणि लहान वर उचलते, त्यामुळे गोळीबार खाली राहून कुजबुज कळते. सिनेमाचे जाणकार तिला नाक मुरडतात, कारण दिग्दर्शकाने ठरवलेला चढउतार तिच्यामुळे सपाट होतो. दिवसा, घर रिकामं असताना, ती बंद करून सिनेमा जसा बनला तसा ऐकावा. रात्री पंखा फिरत असताना, मुलं शेजारीच झोपलेली असताना, ती सुरू ठेवावी.